बिनकानाचा कप

साहेब, तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलंत.

पुण्यात, तुमच्या बंगल्याच्या हॉलमध्ये. जपानला निघायच्या आधीचा रविवार होता. तिकडच्या घरांत राहून शाळा शिकायला तुमच्या संस्थेनं निवडलेली सगळी पोरं सोफ्यावर दाटीवाटीनं बसली होती. मी सेलूहून अप्पांसोबत एसटीनं आले होते. अप्पा गेटाबाहेरच थांबले. "तू जा माय, मी हितं सावलीला बसतो," म्हणाले. तुम्ही आम्हाला बूट कुठं काढायचे ते सांगत होतात. किती वाकायचं, भेट दोन्ही हातांनी कशी द्यायची, जेवायच्या काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मयताला करतात. तुमच्या मिसेसनी चहा आणला. निळ्या फुलांच्या कपबश्या होत्या. ट्रे माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात स्टीलचा पेला उरला होता.

"कप कमी पडले गं," त्या म्हणाल्या.

"चालतंय की," मी म्हटलं. पेला इतका तापला होता की ओढणीत धरून प्यायले.

मग तुम्ही घसा साफ केलात. "आणि एक महत्त्वाचं. तिकडं कुणी जातबीत विचारलं, तर सांगायचं की आमच्याकडं आता तसलं काही राहिलेलं नाही. देशाची अब्रू तुमच्या हातात आहे." बोलताना सगळ्यांवरून नजर फिरवत होतात. अब्रू म्हणताना ती माझ्यावर येऊन थांबली.

मी सोळा वर्षांची होते. मी मान हलवली.

मला मिझुनामी नावाचं गाव मिळालं. डोंगराच्या कुशीतलं, चिनी मातीची भांडी करणारं. सायकलवरून शाळेत जाताना प्रत्येक गल्लीत भट्टीचं धुराडं दिसायचं आणि रस्त्याच्या कडेला फुटक्या बश्यांचा खच. ज्या घरात राहिले तिथं तीन माणसं. फुमिए, म्हणजे माझी तिकडची आई, तिला मी ओकासान म्हणायचे. ठेंगणी, सतत काहीतरी पुसत असलेली. तिचा नवरा शिगेरु ट्रक चालवायचा. माझे वडील एसटी चालवतात हे कळल्यावर त्यानं जेवणाच्या टेबलावरच हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं, मीही फिरवलं, आणि आमची दोस्ती झाली. आणि त्यांची मुलगी चिनात्सु, तेरा वर्षांची, मला ताई म्हणणारी. आमचं बोलणं म्हणजे अर्धं माझं मोडकं जपानी, अर्धं चिनात्सुचं शाळेतलं इंग्रजी आणि उरलेले हातवारे. इथं मी ते सरळ मराठीत लिहिते.

पहिल्या आठवड्यात मी पाहुणी होते. कपाटाच्या वरच्या खणातून पांढरी भांडी निघायची, वापरून टाकून द्यायच्या काड्या मिळायच्या. मग एका संध्याकाळी ओकासाननं माझ्यापुढं नवीन भांडी मांडली. वांग्याच्या रंगाचा भाताचा वाडगा, लाल काड्या आणि एक कप. मांडून दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली.

"उत्पलाचं," ती म्हणाली.

माझी नजर कपावर अडकली होती. कपाला कान नव्हता.

अप्पांच्या गावात एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, स्टोव्ह आणि दोन बाकडी. बाकड्यांवर गाव बसायचं. आमची माणसं बाहेर, उकिडवी. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. आपणच तो काढायचा, आपणच धुवायचा, खाली ठेवायचा. हॉटेलवाला वरून चहा सोडायचा. पिऊन झाला की पुन्हा धुवायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. अप्पांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर. मी विचारलं होतं, ड्रायव्हर लोक स्टँडवर चहा पितात, तुम्ही का पीत नाही? "मला चहाच आवडत न्हाई," ते म्हणाले. आई आतून ओरडली, "घरी तीन-तीन कप लागतेत की!" तेव्हा मग सांगितलं.

म्हणून मी त्या कपाकडं बघत राहिले. पण मग टेबलावर नजर फिरवली. शिगेरुचा काळा, जाडजूड कप. त्याला कान नाही. चिनात्सुच्या गुलाबी कपावर ससा, कान फक्त सशाला. या लोकांच्या कपांना कानच नसतात. माझं मलाच हसू आलं. मी चहा प्यायले. ओकासाननं श्वास सोडला.

दिवस चांगले जात होते. पण माझ्यासारखीला एक डोळा कायम भांड्यांवर ठेवायची सवय असते. ती शिकवावी लागत नाही. भाजीचं मोठं ताट सगळ्यांत एकच असायचं, पण भात मला वांगी वाडग्यातच आणि चहा त्याच कपात. एखाद्या दिवशी तो वाडगा ओला असला तर ओकासान तो पुसून घ्यायची, शेजारी चार कोरडे असले तरी. धुतलेल्या भांड्यांच्या जाळीत माझा वाडगा टोकाला. मी ते बघायचे आणि स्वतःला म्हणायचे, गप बस उत्पला, तुझं डोकं सेलूतच राहिलंय.

मग तो रविवार आला. चिनात्सु आणि मी सायकलींची शर्यत लावून चढ चढून आलो होतो. घशाला कोरड. मी बूट भिरकावले, स्वयंपाकघरात शिरले, हाताला लागला तो कप नळाखाली धरला आणि घटाघटा पाणी प्यायले.

"अगंऽ!" चिनात्सु दारातच किंचाळली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "ते बाबांचं!"

काळा जाड कप माझ्या हातात होता. शिगेरु पेपरामागून डोकावला आणि छातीवर हात मारून मेल्यासारखा मागं पडला. गंमत करत होता. ओकासान पण हसत आली. हसत हसतच तिनं माझ्या हातातून कप घेतला. आणि धुतला. साबण लावून, आतून बाहेरून धुतला, फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला. मग माझा कप काढून माझ्या हातात दिला.

"हा उत्पलाचा," ती म्हणाली.

सगळे हसत होते. आमच्याकडचे पण रागावून नव्हते सांगत. हॉटेलवाला सुद्धा अप्पांना हसूनच म्हणायचा, "लिंबाजी, तुझा कप तिथं हाय बघ."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगत नाही. मी काय केलं ते सांगते. मी कप ओट्यावर ठेवला आणि वर जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

त्या दिवसापासून मी त्या घरात भात खाणं सोडलं. शाळेतून येताना पाव घ्यायचा, पिशवीतूनच खायचा. भूक नाही म्हणायचं. पाणी ओंजळीनं. नळ सोडायचा, वाकायचं, ओंजळ धरायची. आमच्या आज्या-पणज्यांना ती रीत येत होती, मला कधी करावी लागली नव्हती. पहिल्यांदाच केली आणि एक थेंब सांडला नाही.

ओकासाननं ते बघितलं. हातात कोबी घेऊन ती दारात उभी होती. "कप आहे ना," ती म्हणाली. मी तोंड पुसलं आणि तिच्या बाजूनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नवा वाडगा होता. पिवळा, त्यावर लहान लहान फुलं. "वांगी रंग म्हाताऱ्यांचा, नाही का?" ती घाईघाईनं म्हणाली. "मी चुकले. मुलींना असला आवडतो." मला वाटलं, बघ, पहिला बाटला म्हणून टाकून दिला. मी त्याला हात लावला नाही. दोन दिवसांनी तिसरा आला, निळा. चिनात्सु आईकडं बघायची, मग माझ्याकडं, मग ताटात. आणि त्या बाईनं माझ्यासाठी फळं कापून खोलीच्या दाराशी ठेवायला सुरुवात केली. कागदाच्या बशीत ठेवायची. मी कशाला हात लावीन याचा तिला अंदाजच येईना म्हणून कागदाची. ते मला नंतर कळलं. तेव्हा मी ती कागदाची बशी बघितली आणि बॅग भरायला काढली.

बुधवारी आम्हा भारतातून आलेल्यांचा जपानीचा वर्ग असायचा. तिथं पुण्याची मैत्रेयी भेटली. मी तिला विचारलं, "तुझ्या घरी तुला वेगळी भांडी आहेत?"

"हो गं, आहेत की! वाडगा, कप, काड्या, सगळं वेगळं."

"मग तुला काही वाटलं नाही?"

"बरंच वाटलं. मला भीती होती, कुणाच्याही उष्ट्यात खावं लागेल. पण आपल्यासारखंच उष्टं-खरकटं पाळतात. मी आईला फोनवर सांगितलं, ती इतकी खूश झाली!"

"आपल्यासारखं म्हणजे कुणासारखं?"

"म्हणजे..." मैत्रेयी गोंधळली. "आपल्या घरी असतं ना तसं."

तोपर्यंत मला वाटत होतं, तुम्हीच कळवलं असणार, साहेब. नावापुढं बारीक अक्षरात काहीतरी. पण मैत्रेयीलाही वेगळी भांडी म्हणजे इथं आम्ही सगळेच तसले. क्षणभर मला गारेगार वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, मैत्रेयी, ये, बस माझ्याशेजारी उकिडवी. पण तिला काही कळलंच नव्हतं. तिच्या हातात कोनाड्यातला कप दिला होता आणि ती त्याला सोवळं समजत होती.

वर्ग सुटल्यावर रस्त्यावरच्या फोनमध्ये कार्ड घालून मी तुम्हाला फोन केला. आठवतं? तुम्ही जेवत होतात बहुतेक, तोंडात घास होता.

"सर, मला घर बदलून पाहिजे. इथं मला वेगळ्या भांड्यात वाढतात."

तुम्ही घास गिळलात. मग म्हणालात, "त्यांना काही सांगितलंस का तू? तुझ्याबद्दल?"

"नाही सर."

"मग सांगू नकोस. ॲडजस्ट कर. थोडे दिवस राहिलेत. हे बघ, मोठ्या मुश्किलीनं तुझं नाव घातलं होतं. तू तक्रार केलीस तर पुढच्या वर्षी तुमच्यातल्या मुलांना पाठवणं मला अवघड होईल."

तुमच्यातल्या. मी फोन ठेवला. कार्ड बाहेर आलं, यंत्रानं गाणं वाजवलं.

घरी आले तेव्हा ओकासान बाहेरच उभी होती. तिनं बॅग बघितली होती, हे तिच्या तोंडावरनं कळत होतं. ती वाकली. मुलीपुढं आईनं वाकावं तशी नव्हे, दुकानदार गिऱ्हाइकापुढं वाकतो तशी, खोल.

"रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "रविवारी माझ्या भावाकडं जाऊ. त्याची भट्टी आहे. मला निवडता येत नाही हे मला कळलंय. तू स्वतः निवड. मग जायचं तर जा."

मला वाटलं, केवढी ही बाई हट्टी! वेगळं ते वेगळंच ठेवणार, फक्त रंग मला विचारून.

तरी गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. ती वाकली होती म्हणून असेल.

चिनात्सुचा मामा तामोत्सु उघड्या शेडमध्ये चाकावर बसला होता. कोपरापर्यंत माती. आम्हाला बघून चाक थांबवलं. ओकासान त्याच्याशी हळू आवाजात बरंच बोलली. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"हात दाखव," तो म्हणाला.

मी हात मागं घेतला.

"हात बघितल्याशिवाय वाडगा कसा करू? हिनं दुकानातले तीन आणले, होय ना? दुकानातला कुणाच्याही हाताचा असतो." त्यानं आपला मातीचा पंजा पुढं केला. "हिच्या नवऱ्याचा कप मी केलाय. अस्वलाचा पंजा आहे त्याचा, म्हणून तेवढा जाड. चिनात्सुचा पहिला वाडगा माझ्याकडंच आहे, ती उभी राहायला लागली तेव्हाचा. एवढासा. हे घरातल्याचं असतं. पाहुण्याला कोण हात विचारतं?"

मी चिनात्सुकडं बघितलं. "काय म्हणतोय? पाहुण्याला काय?"

"पाहुण्यांना पांढरी भांडी," चिनात्सु म्हणाली. "तुला नव्हती का पहिल्या आठवड्यात? ती कुणाचीच नसतात. कुणीही आलं की तीच."

"आणि मग मला वेगळी का दिली?"

"वेगळी नाही, तुझी दिली." ती माझ्याकडं मी खुळी असल्यासारखी बघत होती. "माझी माझी आहेत. आईची आईची आहेत. बाबांच्या कपातून मी कधी प्यायले नाही, यक्! एकदा बाबांनी माझ्या काड्या घेतल्या तर मी दिवसभर रडले होते. तुला माहीत नव्हतं?"

ओकासान आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. मी तिच्याकडं वळले.

"मी बाबांचा कप घेतला, तेव्हा तुम्ही तो धुतलात."

"उष्टा झाला होता ना," ती गोंधळून म्हणाली. "नंतर ते त्यातूनच प्याले असते."

"चिनात्सु प्यायली असती तर?"

"तरी धुतला असता." मग थांबून म्हणाली, "चिनात्सुला ओरडलेही असते."

साहेब, तुम्ही सांगितलं होतं सांगायचं नाही. तिथं शेडमध्ये, ओल्या मातीच्या वासात, मी ठरवलं की सांगायचं. तुमच्या अब्रूपायी मी आणखी एक दिवस त्या बाईला वाकायला लावणार नव्हते.

"आमच्या गावात," मी सुरुवात केली, "हॉटेलात, माझ्या वडिलांसाठी एक वेगळा कप ठेवलेला होता."

ओकासानचा चेहरा एकदम उजळला. तिनं टाळी वाजवली. "वडिलांचा स्वतःचा कप! हॉटेलात?" ती भावाकडं वळली. "ऐकलंस? हॉटेलवाल्यानं यांच्यासाठी कप ठेवला होता!"

"नेहमीचं गिऱ्हाईक असणार," मामा कौतुकानं म्हणाला. "मोठा मान आहे."

"त्याच्यावर वडिलांचं नाव होतं?" ओकासाननं विचारलं.

मला रडू आलं का हसू, आज आठवत नाही. बहुतेक दोन्ही एकदम आलं. अख्ख्या आयुष्यात त्या कपाबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं.

"नाव नव्हतं," मी म्हटलं. "तो वडिलांचा नव्हता. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचा तोच एक होता. बाहेर, भिंतीत ठेवलेला. त्याचा कान तुटलेला होता. आत बसलेल्यांचे चांगले होते."

"मग वडील आत का नाही बसले?"

"बसू देत नव्हते."

"का? त्यांनी काय केलं होतं?"

"काही नाही. जन्मले होते."

चिनात्सुनं ते दोनदा आईला सांगितलं. माझ्या जपानीवर तिचा विश्वास बसेना, तिला वाटलं मी क्रियापद चुकवलं. मी म्हटलं, नाही, तेच. जन्मले होते. आमच्या घरात. म्हणून. त्यांनी हात लावलेला कप दुसऱ्यानं घ्यायचा नाही. घेतला तर घाण होतो.

मामा मातीचे हात मांडीवर ठेवून बसला होता. ओकासानचा टाळी वाजवलेला हात अजून हातातच होता. तो तिनं हळूच सोडला.

"आणि मी धुतला," ती म्हणाली. "तुझ्यासमोर."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मी हसत होते."

ती मटकन खाली बसली, मातीच्या पोत्यावर. मीही शेजारी बसले. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोरच्या फळीवरच्या कच्च्या कपांच्या रांगेकडं बघत होती. मग तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, पंजा उघडला, आणि भावाला म्हणाली, "बघ. लांब बोटं आहेत. बारीक बुडाचा कर."

मामानं बघितलं. आपल्या बोटांनी माप घेतलं. "वडिलांचा हात केवढा?" त्यानं मला विचारलं.

"का?"

"स्टिअरिंगवाला आहे म्हणे. अस्वलाएवढा?"

मी हातानं दाखवलं. तो म्हणाला, कान लावतो त्यांच्या कपाला, आम्ही लावत नाही, पण लावतो, दोन बोटं आरामात जातील असा. आणि ओल्या कपाच्या बुडावर, सळईच्या टोकानं, मीच अप्पांचं नाव कोरलं. लिंबाजी. शिरोरेघ थोडी वाकडी आली.

संध्याकाळी जेवायला बसलो. टेबलावर भलताच प्रकार. शिगेरुच्या पुढं गुलाबी सशाचा कप, चिनात्सुच्या पुढं आईच्या काड्या, ओकासाननं स्वतःकडं माझा वांगी वाडगा घेतला होता. टाकला नव्हता तिनं, जपून ठेवला होता. आणि माझ्यापुढं शिगेरुचा काळा कप, चहानं काठोकाठ भरलेला. तिनं त्यांना काय सांगितलं होतं मला माहीत नाही. चिनात्सु काड्यांच्या टोकाकडं बघून ओठ आवळून बसली होती, रडायच्या बेतात. शिगेरुनं त्या अस्वलाच्या पंजात ससा उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "वा. सशाची चव येते."

कुणी हसलं नाही. सगळी माझ्याकडं बघत होती. ती तिघं माझ्यासाठी स्वतःचं मोडून बसली होती.

मी काळा कप दोन्ही हातांनी उचलला, तुम्ही शिकवलं होतं तसा, आणि शिगेरुपुढं ठेवला. ससा चिनात्सुला दिला. मग ओकासानपुढं हात पसरला.

"माझा द्या," मी म्हटलं. "मला माझ्यातच पाहिजे."

चिनात्सुनं एवढ्या मोठ्यानं सुस्कारा सोडला की शिगेरु पोट धरून हसला. ओकासान उठली, वांगी वाडगा नळाखाली धरला, मग अचानक थांबली आणि माझ्याकडं वळून बघितलं. धुवू की नको, असं विचारत होती.

"धुवा, धुवा," मी म्हटलं. "तुम्ही हात लावलाय त्याला."

आधी तिला कळलं नाही. मग कळलं, तशी ओला हात तोंडावर ठेवून ती जी हसली, की हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी मी तीनदा भात घेतला.

सेलूला परत आले तेव्हा आईनं अप्पांना मामानं भाजून दिलेल्या नव्या कपात चहा दिला. अप्पांनी कपाच्या कानात दोन बोटं घातली, बरोबर बसली. बुडाखाली बघितलं, नाव वाचलं. चहा पिऊन उठले आणि मोरीवर जाऊन कप धुवायला लागले.

"ठेवा की, मी घासते," आई म्हणाली.

"सवय हाय," ते म्हणाले. धुऊन झाला, तसे कप हातात घेऊन ते घराच्या मधोमध उभे राहिले. कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना.

"फळीवर, अप्पा," मी म्हटलं. "तुमचा हाय तो."

त्यांनी ठेवला. सरकवून मधोमध केला. अप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कप फळीवरच आहे. कुणी त्यातून पीत नाही. तो अप्पांचा आहे.

आणि आता तुमचं, साहेब.

आम्ही परत आल्यावर तुम्ही पुन्हा बोलावलंत, अनुभव सांगायला. तोच हॉल, तोच सोफा. मिसेसनी चहा आणला. निळ्या फुलांचे कप एकेकाच्या हातात गेले. माझ्यापर्यंत ट्रे आला आणि त्यात स्टीलचा पेला होता. या खेपेला 'कप कमी पडले' असंही कुणी म्हणालं नाही. शोकेसमध्ये निळ्या फुलांचे आणखी कप उलटे घालून ठेवलेले होते, माझ्या समोरच.

आपल्याकडं भांड्यांवर नाव कोरून घेतात. लग्नात आलेलं असो, धनत्रयोदशीला घेतलेलं असो. ट्रेवर तुमचं नाव होतं. साखरेच्या डब्यावर मिसेसचं. चमच्याच्या देठावर सुद्धा तुमच्या आडनावाचं अक्षर. मी पेला उचलून फिरवला, काठाखाली बघितलं, बूड बघितलं. अख्ख्या घरात त्या एका पेल्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

"काकू," मी मोठ्यानं विचारलं, "हा पेला कुणाचा?"

त्या तुमच्याकडं बघायला लागल्या. मैत्रेयीनं पहिल्यांदाच माझ्या हातातल्या पेल्याकडं बघितलं, मग आपल्या कपाकडं, आणि तिनं तो बशीत ठेवून दिला. गेटाबाहेर अप्पा सावलीला बसले होते. तुम्ही म्हणालात, "चहा गार होतोय. घे."

मी घेतला नाही. चहा केव्हाच गार झाला, साहेब. तो पेला कुणाचा होता?